अ‍ॅफिलिएट लिंक टाकताय? ‘जाहिरात’ कुठे लिहायची आणि कुठले कागद जपायचे

व्हिडिओखाली मिक्सरची लिंक द्यायची, तिच्यावरून कोणी मिक्सर घेतला की आपल्या खात्यात कमिशन, एवढा सरळ हा धंदा. त्यासाठी ग्राहक कायद्यात अर्ज नाही, फी नाही, लायसन्सही नाही. ‘इन्फ्लुएन्सर नोंदणी प्रमाणपत्र’ काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. कायद्याची अपेक्षा वेगळी आहे: लिंक दाबण्याआधीच बघणाऱ्याला कळलं पाहिजे की यातून तुम्हाला पैसे मिळणार आहेत.

नियम दोन ठिकाणचे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. २० जानेवारी २०२३ ला ग्राहक व्यवहार विभागाने त्यातला इन्फ्लुएन्सरांपुरता भाग सोप्या पुस्तिकेत दिला. दुसरी संस्था म्हणजे मुंबईची आस्की (अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया), जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्वतःच उभी केलेली. तिचे डिजिटल इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. आस्की दंड करू शकत नाही, प्राधिकरण करू शकतं. पण बारीकसारीक तपशील आस्कीच्या नियमांत जास्त सापडतो, म्हणून दोन्ही वाचावेत.

कोणाला लागू?

फॉलोअर किती हवेत याची अट नाही. तीनशे लोकांचं टेलिग्राम चॅनल चालवून ‘आजची लूट डील’ टाकणाराही यात येतो. पैसेच मिळाले पाहिजेत असंही नाही. फुकट आलेली वस्तू, सवलत, हॉटेलातला मुक्काम, कंपनीतले शेअर, नोकरी, इतकंच काय, नातं असलं तरी ते सांगावं लागतं. मेहुण्याच्या मसाल्यांचं कौतुक करताना ते मेहुण्याचे आहेत हे बोलायला हवं. स्वतःच्या पैशाने कुकर घेतला, कंपनीशी काही संबंध नाही, लिंकही साधी आहे, तर खुशाल लिहा. तिथे काहीही जाहीर करायची गरज नाही.

कुठे आणि कसं लिहायचं?

घोळ होतो तो इथेच. बायोमध्ये ‘काही लिंक अ‍ॅफिलिएट असू शकतात’ असं एकदा लिहिलं की काम झालं, असा पुष्कळांचा समज आहे. आस्कीला हे चालत नाही, कारण रील बघणारा तुमच्या बायोत कशाला जाईल? खुलासा प्रत्येक पोस्टमध्ये हवा, आणि ‘आणखी वाचा’ दाबायच्या आत दिसला पाहिजे. म्हणजे कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत.

हे कॅप्शन बघा: ‘भन्नाट मिक्सर! लिंक बायोमध्ये. #किचन #मराठीरेसिपी #मिक्सर #घरगुती #अ‍ॅड #पुणेफूडी’. शब्द आहे, पण हॅशटॅगच्या गर्दीत तो कोणाच्या डोळ्यांना दिसणार? हॅशटॅग किंवा लिंकच्या घोळक्यात खुलासा लपवायचा नाही, असं दोन्हीकडे स्पष्ट सांगितलंय. त्याऐवजी पहिलीच ओळ अशी लिहा: ‘जाहिरात: या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं.’ बस. पुस्तिका सांगते की खुलासा पोस्टच्याच भाषेत हवा, तेव्हा मराठी रीलला मराठी शब्द. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘पेड प्रमोशन’ हे कळतात. ‘थँक्स टू टीम अमुक’ यातून काहीच कळत नाही.

व्हिडिओत खुलासा बोलायचाही आणि पडद्यावर दाखवायचाही. किती वेळ, ते आस्कीने ठरवून दिलंय. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद, २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत वस्तूविषयी बोलणं चालू असेल तो सगळा वेळ. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलमध्ये खुलाशाची पट्टी १५ सेकंद दिसली पाहिजे. लाइव्ह करत असाल तर ग्राहक व्यवहार विभागाच्या पुस्तिकेनुसार ती पूर्ण वेळ ठळक ठेवायची. स्टोरीला कॅप्शन नसतं, तिथे शब्द चित्रावरच. इन्स्टाग्रामचा ‘पेड पार्टनरशिप’ टॅग जरूर लावा, पण आस्की त्याला जोड मानते, तुमचा स्वतःचा खुलासा वेगळा हवाच.

अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांचा करार स्वतःचं एक वाक्य मागतो, ‘अ‍ॅमेझॉन असोसिएट म्हणून पात्र खरेदीवर मला कमाई होते’ अशा अर्थाचं. ते टाकलं म्हणजे कंपनीची अट पुरी झाली. सरकारी नियमाचा हिशेब निराळा, त्यासाठी वरचं सगळं करावं लागतंच.

न वापरता शिफारस

‘२०२५ चे टॉप १० वॉटर प्युरिफायर’ या छापाच्या याद्यांबद्दल मला थोडं बोलायचंय. २०२२ च्या सूचनांनुसार शिफारस हे तुमचं खरं आणि सध्याचं मत असलं पाहिजे, आणि ते पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे. दहाच्या दहा प्युरिफायर घरी लावून बघितलेत असं कोणी म्हणत नाही. पण नुसती कंपनीची जाहिरात वाचून ‘मी वापरलाय, झकास आहे’ लिहिलंत, तर वर ‘जाहिरात’ शब्द टाकूनही सुटका नाही. वापरला नसेल तर तसं लिहा, आणि कशावरून निवडला तेही लिहा.

काही वस्तूंच्या लिंकपासून लांबच राहिलेलं बरं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. शेअर गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याकडे सेबीची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची) नोंदणी हवी, आस्कीच्या नियमाप्रमाणे ती दाखवावीही लागते.

कागदपत्रं

अर्ज नसला तरी फाइल लागते, कारण विचारणा झाली की उत्तर कागदानेच द्यावं लागतं. कंपनीशी झालेला करार किंवा ईमेल, महिन्याचा कमिशन रिपोर्ट, वस्तू विकत घेतली असेल तर बिल, फुकट आली असेल तर सोबतची चिठ्ठी. पोस्ट टाकल्याच्या दिवशीच खुलाशासकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्टोरी २४ तासांत गायब होते, मग दाखवणार काय? ‘९९ टक्के जंतू मारतो’ असला दावा करायचा असेल तर कंपनीकडून चाचणीचा अहवाल आधी मागून घ्या. तो तुमचा खरा बचाव आहे: दाव्याची योग्य पडताळणी केली होती असं दाखवता आलं, तर शिफारस करणाऱ्याला दंड होत नाही, असं ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे.

पॅन आणि बँक खातं कंपनी नाव नोंदवतानाच मागते. फुकट आलेली वस्तू ठेवून घेतली आणि एका कंपनीकडून वर्षभरात अशा वस्तूंची किंमत २० हजारांवर गेली, तर १ जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएसचा (कंपनीने आधीच कापून भरायच्या कराचा) नियम आहे. शूटिंग करून परत केली तर तो लागत नाही, मात्र परत पाठवल्याची कुरिअरची पावती जपा.

तक्रार झाली तर

तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट प्राधिकरणाकडे करता येते, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आस्कीकडे गेली तर ती आधी तुम्हाला उत्तर मागते, मग पोस्ट बदला किंवा काढा म्हणते. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटवण्यात शहाणपण असतं. प्राधिकरण प्राथमिक चौकशी करतं, गरज वाटली तर महासंचालकांकडून तपास, आणि तुमचं म्हणणं ऐकून मग आदेश. पहिल्या वेळी दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलंत तर ५० लाखांपर्यंत, शिवाय शिफारस करायला एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी. आदेश पटला नाही तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करता येतं.