कादंबरीचे स्वप्रकाशन

कादंबरीकाराने कृतीचे हक्क स्वतःकडे ठेवून, छपाईचा खर्च व विक्रीची जोखीम स्वतः उचलून ती प्रसिद्ध करण्याची पद्धत. अशा पुस्तकाच्या श्रेयपानावर प्रकाशक म्हणून लेखकाचे किंवा त्याच्या घरातील कोणाचे नाव असते. पुष्कळदा एखाद्या प्रकाशनाचे नाव घेतलेले असते आणि पत्ता लेखकाच्या घरचाच असतो. नव्या लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या संस्थांचा व्यवहारही बोलण्यात यातच घातला जातो. तो निराळा मानणे योग्य. स्वामित्वहक्क कोणाकडे राहिले आणि छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या, या दोन गोष्टी तपासल्या की भेद स्पष्ट होतो. लेखकाने पैसे भरले, हक्कही दिले आणि स्वतःच्याच प्रती सवलतीत विकत घेतल्या, तर ते स्वप्रकाशन नव्हे.

मराठीत या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, हे पहिली मराठी कादंबरी कोणती मानावी आणि प्रकाशक कोणाला म्हणावे या दोन प्रश्नांवर अवलंबून आहे. बाबा पदमनजी यांचे यमुनापर्यटन (१८५७) आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) यांपैकी पहिलेपणाचा मान कोणाला द्यावा, हा वाद जुना आहे. कालक्रमाने पदमनजींची बाजू भक्कम असून तीच येथे ग्राह्य धरली आहे. परंतु त्या काळात मुद्रक, प्रकाशक आणि विक्रेता ही कामे आजच्यासारखी अलग झालेली नव्हती. लेखक हस्तलिखित घेऊन थेट छापखान्यात जाई, आगाऊ वर्गणीदार मिळवी, दक्षिणा प्राइझ कमिटीसारख्या सरकारी आश्रयाकडे डोळे लावी आणि पुस्तके घरून किंवा ओळखीच्या दुकानातून विकी. या अर्थाने त्या पिढीचे बरेचसे ग्रंथ लेखकाचेच उपक्रम ठरतात. पर्यायच नसताना केलेल्या गोष्टीला निवड म्हणता येत नाही. म्हणून धंदेवाईक प्रकाशक उभा राहिल्यानंतरही लेखकाने त्याला बाजूला ठेवले, तेथून स्वप्रकाशनाचा इतिहास मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

या शोधात १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याचा, म्हणजे मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमाचा, मोठा उपयोग होतो. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ आणि प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे या कायद्याने सक्तीचे केले. सरकारकडे जमा झालेल्या पुस्तकांच्या सूचीत कोणते रकाने असावेत, तेही त्यात ठरवून दिले होते : ग्रंथनाम, भाषा, कर्ता, विषय, मुद्रक आणि प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्तीचा क्रमांक, छापलेल्या प्रती, छपाई खिळ्यांची (सुट्या अक्षरांची) की शिळाप्रेसची (दगडावरून घेतलेली), किंमत, आणि शेवटी स्वामित्वहक्क असणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण. प्रकाशकाच्या रकान्यातले आणि हक्कधारकाच्या रकान्यातले नाव कर्त्याच्या नावाशी जुळले, की ते पुस्तक स्वप्रकाशित समजण्यास हरकत नाही. छापखान्यांनी पुरवलेल्या माहितीवर भिस्त असल्याने प्रतींचे आकडे मात्र जपून वापरावेत. यमुनापर्यटन आणि मुक्तामाला या कायद्याच्या आधीच्या असल्याने त्यांच्याविषयी मुखपृष्ठ व प्रस्तावना हाच आधार उरतो. २०२३ च्या नियतकालिकविषयक नव्या अधिनियमाने १८६७ चा कायदा रद्द झाला. नव्या व्यवस्थेत पुस्तकांच्या नोंदणीला स्थान नाही.

दुसरा तिढा नियतकालिकांचा. रा. भि. गुंजीकरांची मोचनगड १८६७ च्या सुमारास विविधज्ञानविस्तारातून क्रमशः येऊ लागली. मासिकाचे संपादक गुंजीकरच होते. तथापि संपादकपद म्हणजे मालकी नव्हे, त्यामुळे हे उदाहरण सीमेवरचे आहे. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. १८९० मध्ये त्यांनी करमणूक हे साप्ताहिक काढले आणि पण लक्षात कोण घेतो पासून पुढच्या बहुतेक महत्त्वाच्या कादंबऱ्या त्यातून प्रकरणाप्रकरणाने दिल्या. ब्राह्मण घरातील यमू या विधवेची कहाणी तिच्याच तोंडून, इतक्या सावकाश आणि इतक्या विस्ताराने सांगण्याची मोकळीक आपट्यांना मिळाली, कारण पाने त्यांची होती. कथानक आटोपते घ्या, हा प्रसंग गाळा, असे सांगणारा वरिष्ठ कोणी नव्हता. याच मोकळिकीची दुसरी बाजूही त्यांच्या बाबतीत दिसते : त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. आपट्यांच्या विस्ताराला दोष देणारे समीक्षक पुष्कळ आहेत. तो विस्तार नसता तर यमूचे घर वाचकाला इतक्या जवळून दिसले नसते, हेही नमूद केले पाहिजे.

मराठीबाहेरची काही उदाहरणे तुलनेसाठी उद्बोधक आहेत. जेन ऑस्टिन यांची पहिली कादंबरी १८११ मध्ये लेखिकेच्या जोखमीवर, प्रकाशकाला अडत देऊन निघाली आणि पहिल्या आवृत्तीत त्यांना सुमारे १४० पौंड मिळाले. पुढची, आज सर्वांत गाजलेली कादंबरी त्यांनी त्याच प्रकाशकाला ११० पौंडांत सर्व हक्कांसह विकली. तिच्या नंतरच्या आवृत्त्यांतून त्यांना काही मिळाले नाही. मार्सेल प्रूस्त यांच्या कादंबरीमालेचा पहिला खंड अनेक नकारांनंतर १९१३ मध्ये स्वखर्चाने छापला गेला. व्हर्जिनिया वुल्फ व लेनर्ड वुल्फ यांनी १९१७ मध्ये होगार्थ प्रेस काढला आणि १९२२ पासून वुल्फ यांच्या कादंबऱ्या तेथूनच निघाल्या. हिंदीत यशपाल यांनी लखनौच्या विप्लव कार्यालयातून स्वतःच्या कादंबऱ्या काढल्या, त्यांत फाळणीवरील झूठा सच चे दोन्ही भाग (१९५८, १९६०) येतात. प्रेमचंदांचा अनुभव कडू होता. १९२३ मध्ये बनारसला सुरू केलेल्या सरस्वती प्रेसने त्यांना कर्जात लोटले, आणि १९३४ मध्ये मुंबईच्या एका चित्रपटसंस्थेची नोकरी पत्करण्यामागे हे कर्ज हेही एक कारण होते. स्वप्रकाशन आणि स्वतःचा छापखाना चालवणे यांची गल्लत करू नये, हा यातला व्यावहारिक धडा. कागदाची उधारी, कामगारांचे पगार आणि बंद पडणारे यंत्र सांभाळण्याची आज लेखकावर वेळ येत नाही.

हक्कांची बाजू : स्वप्रकाशनाचा सर्वांत टिकाऊ फायदा येथे आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार कृतीचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रकाशकाशी करार करताना यातला किती भाग द्यायचा, हे कलम १८ व १९ च्या चौकटीत ठरते. हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. कायदा असा लेखकाच्या बाजूने झुकलेला आहे, पण छापील नमुन्यातल्या ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ या ओळीवर सही झाली की या तरतुदींचा लाभ बहुतांशी संपतो. मग आवृत्ती संपून दहा वर्षे झाली, वाचक विचारत आहेत, तरी पुनर्मुद्रण प्रकाशकाच्या मर्जीवर राहते. स्वप्रकाशकाला हे बंधन नाही. भाषांतर, श्राव्य पुस्तक, मालिका, चित्रपट, नाट्यरूपांतर यांचे हक्क तो एकेक करून, हव्या त्या मुदतीने देऊ शकतो. कादंबरीच्या बाबतीत हा मुद्दा कविता किंवा निबंधापेक्षा वजनदार ठरतो, कारण रूपांतराची मागणी प्रामुख्याने कथानकाला असते.

हिशोब : मराठीत लेखकाचे मानधन साधारणपणे छापील किमतीच्या १० ते १५ टक्के ठरते. उदाहरणादाखल ३०० रुपये किमतीची २४० पानांची कादंबरी घेऊ. डेमी १/८ या पुस्तकी आकारात १६ पानांचा एक फर्मा (एकाच कागदावर एकत्र छापून घडी घालायचा पानांचा संच) धरला, तर ती बरोबर १५ फर्म्यांत बसते. मजकूर २४३ पानांवर गेला तर तीन पानांसाठी आणखी कागद व छपाई अंगावर पडते. म्हणून अनुभवी लेखक-प्रकाशक अर्पणपत्रिका, श्रेयपान आणि कोरी पाने धरूनच जुळणी करून घेतात. १० टक्क्यांनी लेखकाला प्रतीमागे ३० रुपये मिळतील. आता ५०० प्रती, छपाई-बांधणी प्रतीमागे १०० रुपये, आणि संपादन, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ मिळून २५,००० असा खर्च गृहीत धरू. एकूण गुंतवणूक ७५,००० होते. २० टक्के सवलतीने थेट वाचकाला २४० रुपयांत प्रत विकली, तर टपालखर्च वेगळा ठेवून ३१३ प्रतींत मुद्दल सुटते. तेच पुस्तक वितरकाला ४५ टक्के सूट देऊन विकले तर हाती १६५ रुपये येतात आणि मुद्दल सुटायला ४५५ प्रती लागतात. आकडे गृहीत असले तरी त्यांतून निघणारी गोष्ट खरी आहे : स्वप्रकाशन किफायतशीर ठरते ते थेट विक्रीमुळे. ज्याला वाचकांचे पत्ते माहीत आहेत, ज्याच्या प्रकाशनपूर्व सवलतीच्या आवाहनाला दोनशे माणसे पैसे पाठवतात, त्याला प्रकाशकाची गरज कमी भासते. एकोणिसाव्या शतकातली आगाऊ वर्गणी हीच होती.

वितरण हा या पद्धतीचा दुबळा भाग आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी सार्वजनिक ग्रंथालये हा मराठी कादंबरीचा मोठा ग्राहक. ती खरेदी प्रायः अशा विक्रेत्याकडून करतात, जो अनेक प्रकाशकांची पुस्तके एका बिलावर पुरवतो. एका पुस्तकाच्या प्रकाशकाला तेथे शिरकाव अवघड जातो. दुकानदारही एका शीर्षकासाठी खाते उघडण्यास नाखूश असतात आणि उधारी वसूल करणे लेखकाच्या स्वभावात बसत नाही. संपादनाबाबतही सावधगिरी हवी. चांगला प्रकाशक हस्तलिखितातली पन्नास पाने काढायला लावतो तेव्हा तो कृतीवर उपकारच करत असतो, आणि हे काम स्वप्रकाशकाने पैसे मोजून बाहेरच्या जाणत्या माणसाकडून करून घेतलेच पाहिजे. यात केलेली काटकसर पहिल्याच प्रकरणात उघडी पडते. नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना उपलब्ध आहे.

संगणकीय काळ : २००७ मध्ये अमेझॉनने किंडल वाचकयंत्राबरोबर लेखकांना थेट पुस्तके चढवण्याची सोय खुली केली आणि २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आली. तेथे मानधन ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-आवृत्ती ९० दिवसांच्या मुदतीने फक्त तेथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. म्हणजे एकाधिकार येथेही मागितला जातो, पण तो मुदतीचा आहे. बंगळूरुच्या प्रतिलिपी (२०१४) या मंचावर मराठी कादंबऱ्या पुन्हा क्रमशः निघू लागल्या, करमणूकच्या काळाशी याचे साम्य उघड आहे. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याच्या तंत्रामुळे माळ्यावर गठ्ठे पडून राहण्याची भीती संपली. प्रतीमागचा खर्च मात्र वाढला. अश्विन सांघी यांनी आपली पहिली इंग्रजी कादंबरी २००७ मध्ये याच मार्गाने टोपणनावाने काढली आणि पुढच्याच वर्षी ती एका प्रस्थापित प्रकाशकाने स्वीकारली.

मराठी लेखकापुढची खास अडचण टंकाची आहे. १९९० नंतरची बरीच अक्षरजुळणी श्रीलिपी किंवा आयएसएम या संगणकप्रणालींच्या जुन्या टंकांत (अक्षरसंचांत) झालेली आहे. ती फाइल ई-पुस्तकासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, वळवताना ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ मधला अर्धा र, ‘ॲ’, रफार आणि ऱ्हस्व इकार जागा सोडतात : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात, ‘कऱ्हाड’ चे ‘कर्हाड’ होते. जुनी कादंबरी स्वतः पुन्हा काढणाऱ्याने वळवलेल्या मजकुराचे मुद्रितशोधन मूळ छापील प्रत शेजारी ठेवूनच करावे.

प्रमाणित पुस्तक क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरणाकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला तो स्वतःच्या नावावर घेता येतो. मध्यस्थ संस्थेने आपला क्रमांक दिला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तीच लागते, त्यामुळे स्वतःचा घेणे इष्ट. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील विहित ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर हे कर्तव्य त्याचे.