वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोट भरल्याची खूण

वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला जेवताना ‘आता पुरे’ हे ज्यावरून कळते, ती शरीराची खूण. शस्त्रक्रियेनंतर ही खूण बदलते. ती पूर्वीपेक्षा फार लवकर येते, पोटात न जाणवता छातीच्या हाडाच्या टोकाशी जाणवते आणि सुरुवातीला इतकी बारीक असते की, ती खूण आहे हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती ओळखायला नव्याने शिकावे लागते, आणि हे शिकणे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहे.

पोट भरल्याचे मराठीतले शब्द बघितले तर अडचण कुठे आहे ते कळते. तृप्तीचा ढेकर, पोटाला तडस लागणे, आकंठ जेवणे, ‘आता घास उतरत नाही’ हे सगळे शब्द मोठ्या जठराचे आहेत. रिकामे असताना जठरात जेमतेम पन्नास-पाऊणशे मिलिलिटर मावेल एवढीच जागा असते. अन्न येऊ लागले की त्याचा वरचा घुमटासारखा भाग सैल पडतो आणि आतला दाब फारसा न वाढता जठर एक ते दीड लिटरपर्यंत ताणू शकते. जठराच्या भिंतीवरचा ताण व्हेगस मज्जातंतूतून मेंदूच्या तळाशी पोचतो. अन्न लहान आतड्यात उतरू लागले की तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके रक्तात येतात आणि भूक शमवतात. या दुसऱ्या निरोपाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. म्हणूनच घाईने जेवणारा माणूस निरोप पोचायच्या आधीच जास्त जेवून बसतो. मोठ्या जठरात ही चूक खपून जाते. लहान जठरात ती खपत नाही.

आज जगात सर्वांत जास्त केल्या जाणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे आपली एक लहान वाटी. जो घुमट सैल पडून जागा करून देत असे तोच गेल्यामुळे थोड्याशा अन्नानेही आतला दाब झपाट्याने वाढतो. गॅस्ट्रिक बायपासचा पाया १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी घातला. या शस्त्रक्रियेच्या आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. तीस मिलिलिटर म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे. अन्न लवकर आतड्यात उतरते, त्यामुळे जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय पूर्वीपेक्षा पुष्कळच जास्त वाढतात. भूक जागी करणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधले. ते मुख्यतः त्याच घुमटात तयार होते, म्हणून स्लीव्हनंतर रक्तातले त्याचे प्रमाण उतरते. बायपासनंतर ते नेमके किती आणि कसे बदलते याचे निष्कर्ष मात्र सारखे आलेले नाहीत. या सगळ्याचा अर्थ एवढाच की, माणसाने मनाला आवर घातला म्हणून तो कमी जेवतो असे नाही. त्याच्या शरीराची बोलीच बदललेली असते.

नव्या बोलीतला पहिला शब्द म्हणजे छातीचे हाड जिथे संपते त्या खळगीत जाणवणारा हलका दाब. दुखत नाही, नुसते ‘इथे काहीतरी आहे’ असे वाटते. थांबायची खरी वेळ हीच. बाकीच्या खुणा माणसागणिक वेगळ्या असतात : कुणाला एकच उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचे नाक वाहू लागते, कुणी नकळत मोठा सुस्कारा टाकतो, कुणाला पाचव्या-सहाव्या घासाला छोटासा ढेकर येतो. हा ढेकर तृप्तीच्या जुन्या ढेकरासारखा नसतो, पण काम तेच करतो. काहींचा डावा खांदा दुखू लागतो. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या स्नायूखालचा ताण तिथे जाणवतो. त्यातली एखादी खूण आपली म्हणून हेरावी लागते आणि घरच्यांनाही सांगून ठेवावी लागते. बायकोच्या किंवा आईच्या लक्षात ती जेवणाऱ्याच्या आधी येते, असा अनुभव अनेकांचा आहे.

दुसऱ्या महिन्यातले एक जेवण जवळून पाहू. स्टीलची छोटी वाटी, तिच्यात कुस्करलेले उकडलेले अंडे आणि शेजारी दोन चमचे मऊ शिजवलेली मुगाची उसळ. चमचा चहाचा. पहिले दोन घास सहज जातात, आणि चवीने मन सुखावते, कारण आठवडे नुसते पातळ पिण्यात गेलेले असतात. चौथ्या घासानंतर चमचा खाली ठेवला जातो. पाचव्याला खळगीत तो दाब येतो. वाटीत अजून दोन घास दिसतात आणि ‘पानात टाकू नये’ हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. सहावा घास जातो. अर्ध्या मिनिटात तोंडात पाणी सुटू लागते, घट्ट, फेसाळ लाळ. छातीत काहीतरी अडकल्यासारखे होते, पाठ ताठ होते, माणूस उठून बेसिनपाशी जाऊन उभा राहतो. घास परत येतो, आंबट नसलेला, फेसात गुंडाळलेला. त्यानंतर पुढचे दोन-तीन तास पाणीसुद्धा नको वाटते. पाचव्या आणि सहाव्या घासातले अंतर एवढेच असते, आणि ते शिकायला बहुतेकांना काही महिने लागतात. वाटीत उरलेले दोन घास झाकून ठेवावेत किंवा टाकून द्यावेत. अन्नाचा अपमान होत नाही. पहिल्यापासूनच कमी वाढून घेणे हा त्यावरचा बरा उपाय.

पहिल्या काही आठवड्यांत मात्र या खुणेवर विसंबता येत नाही. जठराला सूज असते, टाके भरून येत असतात आणि आहार पातळ असतो. पातळ पदार्थ नळीतून सरळ उतरतो, दाब तयारच होत नाही, म्हणून ‘मला काहीच जाणवत नाही, शस्त्रक्रिया फसली की काय’ अशी भीती अनेकांना वाटते. ती भीती अनाठायी आहे. या काळात जाणिवेवर नव्हे, मापावर जेवायचे असते : आहारतज्ज्ञाने सांगितलेले मिलिलिटर, घोट घोट करून. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ, मग वाटून मऊ केलेले, मग मऊ घन आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि आपल्या शल्यचिकित्सकाने दिलेलेच पाळावे. घन अन्न सुरू झाले की खूण बोलू लागते.

ती ऐकू यावी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सवयी साध्या आहेत. घास शेंगदाण्याएवढा, वीस-तीस वेळा चावलेला. जेवण वीस ते तीस मिनिटांचे, त्याहून जास्त लांबवायचे नाही. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. पाण्याने घास पुढे ढकलला जातो आणि खूण येतच नाही. टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचा सल्ला अनेकांना जाचक वाटतो, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एवढी बारीक खूण दुसरीकडे लक्ष असताना निसटणारच.

काही पदार्थ खूण दडवतात. चिवडा, शेव, खारी, बिस्किटे, आईस्क्रीम हे लाळेत विरघळून सरकत जातात. ताटभर खाल्ले तरी दाब येत नाही आणि वजन पुन्हा वाढायला लागते. याच्या उलट कोरडे चिकन, घट्ट मळलेली पोळी, पाव आणि मोकळा भात लगद्यासारखे गोळा होऊन अडकतात आणि खोटीच ‘भरलो’ची जाणीव देतात. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना इथे एक सोय आहे : वाफवलेला किंवा कमी तिखटाच्या रश्श्यातला मासा मऊ असतो, नीट चावला जातो आणि प्रथिनेही देतो. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात, आणि जागा इतकी थोडी असताना ती प्रथम मिळावीत म्हणून ताटाचा क्रम बदलावा लागतो. आपल्या पंगतीत आधी तुपाचा वरणभात, मग पोळी, शेवटी ताकभात. शस्त्रक्रियेनंतर आधी उसळ, अंडे, पनीर किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात. ताक जेवणासोबत नको, मधल्या वेळी प्यावे.

भूकही फसवू शकते. बायपासनंतर गोड किंवा मैद्याचे खाल्ले तर एक ते तीन तासांनी हात थरथरतात, घाम येतो, कासावीस होऊन खावेसे वाटते. ही पोटाची भूक नव्हे, रक्तातली साखर उतरल्याची खूण असते आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवी. दुसरी फसवणूक आपल्याच भाषेने नेमकी टिपली आहे : पोट भरले, पण मन भरले नाही. वर्षानुवर्षे ज्याने दुःखात आणि कंटाळ्यात अन्नाचा आधार घेतला, त्याचा हा आधार शस्त्रक्रियेने एका दिवसात काढून घेतलेला असतो. त्याला ‘आता तरी जिभेला आवर घाल’ म्हणणे क्रूरपणाचे आहे. समुपदेशकाची गरज इथे लागते आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

आग्रहाचाही विचार करायला हवा. लग्नात, केळवणात, गणपतीच्या जेवणात ‘एवढा एक मोदक तरी’ म्हणणारा माणूस प्रेमानेच म्हणतो. पण जेमतेम दोन-तीन मोठे चमचे मावतील एवढ्या पिशवीत आग्रहाचा एक घास म्हणजे पाचव्यानंतरचा सहावा. वाढप्याला हात करून थांबवण्यापेक्षा आधीच यजमानांना सांगून स्वतःच्या हाताने वाढून घेणे सोपे जाते.

अडकणे आणि उलटी रोज होऊ लागली, पाणीही टिकेनासे झाले, तर ती पोट भरल्याची खूण नसते. बायपासमध्ये जोड आकसलेला असू शकतो, स्लीव्हमध्ये नळी वळते तिथे अरुंद झालेली असू शकते. अन्न टिकत नसेल तर शरीरातला थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. म्हणून सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाचा तोल जाऊ लागला, नजर स्थिर राहीना किंवा तो गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ताप, धडधड आणि पोटात किंवा खांद्यात वाढते दुखणे असेल, तर ‘जास्त खाल्ले असेल’ म्हणून थांबू नये.

वर्ष-दीड वर्षाने एका वेळी वाटी-दीड वाटी जेवता येऊ लागते आणि भूक पुन्हा डोके वर काढते. सूज उतरलेली असते, नळी थोडी सैलावलेली असते. हे अपेक्षितच आहे. शंका आली की ‘पोट परत मोठे झाले’ असे ठरवून टाकण्याआधी एक साधी पडताळणी करता येते : पाण्याशिवाय, चावून, उसळ किंवा मासा यांसारखे घन प्रथिनांचे जेवण घ्यावे आणि खळगीतला दाब कितव्या घासाला येतो ते पाहावे. बहुतेकांना तो येतो, थोडा उशिराने.