मेमरी-तपासनीसाचे इशारे, समांतर प्रोग्राममधील

एमपीआय या संदेश-देवाणघेवाणीच्या प्रमाणानुसार लिहिलेला समांतर प्रोग्राम व्हॅलग्रिंडसारख्या मेमरी-तपासनीसाखाली चालवला की इशाऱ्यांचा ढीग पडतो. त्यातील खरे दोष आणि निर्धोक इशारे वेगळे काढण्याची ही पद्धत आहे. इंदूरमध्ये हा विषय मुख्यतः राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी इंदूर आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या परिसरातील मराठी विद्यार्थी व संशोधकांच्या कामाचा. मेमरी, बफर (संदेशाचा डेटा ठेवण्याची मेमरीतली जागा), रँक (समांतर प्रोग्रामची एक क्रमांकित प्रक्रिया), क्लस्टर (जोडलेल्या संगणकांचा समूह) हे त्यांच्या बोलण्यातले शब्द या नोंदीत तसेच ठेवले आहेत.

पूर्वपीठिका. सी भाषेतील प्रोग्रामची मेमरी चालू अवस्थेत तपासणारे प्युरिफाय हे साधन हेस्टिंग्ज व जॉइस यांनी १९९२ मध्ये मांडले. एमपीआयचे पहिले प्रमाण १९९४ चे. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्रिंड २००२ मध्ये खुले झाले आणि त्यातील मेमचेक हा तपासनीस लवकरच रूढ झाला. बिटागणिक तपासणीचे त्याचे तत्त्व सीवर्ड व नेदरकोट यांनी २००५ च्या निबंधात विशद केले आहे.

या दोन प्रवाहांची सांगड प्रथम कोणी घातली, याची दोन उत्तरे दिली जातात. एक मत व्हॅलग्रिंडच्याच आवरण-लायब्ररीकडे, म्हणजे एमपीआयच्या कॉलांना वेढून त्यांची तपासणी करणाऱ्या लायब्ररीकडे, बोट दाखवते. ती २००६ च्या सुमारास आली असावी. दुसरे मत स्टुटगार्टच्या उच्चक्षमता संगणन केंद्रातील कामाला मान देते. ते साधारण २००६-०७ मध्ये आकाराला आले आणि ओपन एमपीआय या एमपीआयच्या खुल्या लायब्ररीच्या १.३ या आवृत्तीत (२००९) ‘मेमचेकर’ या नावाने सर्वांच्या हाती पडले. कालक्रम पाहता आवरण-लायब्ररी आधीची दिसते. मात्र तिचे काम पाठवण्याचा बफर निश्चित मूल्यांनी भरला आहे का हे पाहणे आणि संदेश आल्यावर ग्रहण-बफर निश्चित ठरवणे एवढ्यापुरतेच राहते. स्टुटगार्टची रचना त्यापुढे जाते: प्रतीक्षा न करता मागवलेला संदेश पूर्ण येईपर्यंत ग्रहण-बफरला हात लावणे हाच दोष मानून ती इशारा देते. दोषशोधाच्या दृष्टीने ही दुसरी रचना अधिक मोलाची म्हणावी लागेल. ती मूलतः बंद असते. ओपन एमपीआय बांधतानाच चालू करावी लागते.

इशारे का उमटतात. मेमचेक प्रत्येक बाइटबाबत तो वापरास खुला आहे का, आणि प्रत्येक बिटाबाबत त्यात निश्चित मूल्य आहे का, याची सावली-नोंद ठेवतो. अनिश्चित मूल्याची नुसती नक्कल झाली तर तो गप्प राहतो. ते मूल्य अटीत, पत्त्यात किंवा सिस्टम कॉलमध्ये (कार्यप्रणालीला केलेल्या विनंतीत) गेले तरच बोलतो. इथरनेटवरून संदेश पाठवणे म्हणजे सिस्टम कॉलच असल्याने पाठवणाऱ्या रँकवर ‘सिस्टम कॉलला दिलेल्या बाइटांत निश्चित मूल्य नाही’ अशा अर्थाचा इशारा वारंवार दिसतो.

उदाहरणादाखल, राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ सारख्या २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या साठवण-कड्यातील इलेक्ट्रॉनांचे मार्ग अनेक रँकांत वाटून काढणारा प्रोग्राम घ्या. प्रत्येक कणाच्या स्ट्रक्टमध्ये (वेगवेगळी मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) ४ बाइटांचा क्रमांक आणि त्यामागे ८ बाइटांचे स्थान-निर्देशांक असतील, तर नेहमीच्या ६४-बिट यंत्रावर मध्ये ४ बाइटांची रिकामी जागा राहते. स्ट्रक्ट कच्च्या बाइटांच्या रूपात पाठवला की ती जागाही तारेवर जाते आणि इशारा उमटतो. तो निर्धोक असतो. स्ट्रक्टचा एमपीआय-डेटाटाइप, म्हणजे त्यातील मूल्यांच्या जागांचे वर्णन, नीट घडवला तर पोकळी पाठवावीच लागत नाही, आणि दाबण्याजोगे काही उरत नाही. ओपन एमपीआय स्वतःच्या अंतर्गत संदेशांतील पोकळ्याही वेगासाठी शून्याने भरत नाही; त्या इशाऱ्यांसाठी तिच्यासोबतच दडपण-फाइल (कोणते इशारे दाबायचे याची यादी) येते.

इन्फिनिबँडसारख्या वेगवान जाळ्यावर चित्र उलटते. तेथे नेटवर्क कार्ड थेट मेमरीत लिहिते. व्हॅलग्रिंडला त्याचा पत्ता लागत नाही, आणि व्यवस्थित आलेला डेटाही त्याला अनिश्चित वाटतो. म्हणून तपासणीपुरता संदेशमार्ग टीसीपीवर, म्हणजे सिस्टम कॉलमधून जाणाऱ्या नेहमीच्या मार्गावर, आणणे श्रेयस्कर.

सीमेवरचा प्रश्न. निश्चित-अनिश्चिततेची सावली-नोंद एका प्रक्रियेपुरतीच असते. ती संदेशाबरोबर प्रवास करत नाही. रँक ० ने चुकून न भरलेला ॲरे पाठवला, तर रँक १ वर सॉकेटमधून वाचताक्षणी तेच बाइट निश्चित ठरतात. पुढे उत्तर चुकते, पण रँक १ च्या नोंदीत एकही इशारा नसतो. त्यामुळे पाठवणाऱ्या बाजूचा जो इशारा ‘नेहमीचाच’ म्हणून सर्रास दाबला जातो, तोच दोष दिसण्याची शेवटची जागा असतो. पोकळीचा इशारा आणि न भरलेल्या ॲरेचा इशारा मजकुरात सारखेच दिसतात, फरक कळतो तो बाइटांच्या स्थानावरून आणि उगम दाखवणाऱ्या ट्रॅक-ओरिजिन्स या पर्यायावरून (व्हॅलग्रिंड ३.४, २००९).

मूळ न शोधता इशारा गप्प केल्याचा परिणाम किती दूर जातो, हे एमपीआयबाहेरच्या एका घटनेने दाखवले. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल या कूटलेखन-लायब्ररीमधून अशाच इशाऱ्यांमुळे कोड काढून टाकला गेला. २००८ मध्ये उघड झाले की तिने घडवलेल्या गुप्त किल्ल्यांची यादृच्छिकता केवळ प्रक्रिया-क्रमांकावर, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यतांवर येऊन ठेपली होती.

प्रमाणातील बदल. पाठवणी चालू असताना पाठवण्याचा बफर वाचणेही जुन्या एमपीआय प्रमाणाला मान्य नव्हते. २.२ या आवृत्तीने (२००९) वाचनाची मुभा दिली. लिहिणे आजही निषिद्ध आहे. त्याआधीच्या लेखनातील दोषयाद्या हे ध्यानात घेऊन वाचाव्यात. अपेक्षेपेक्षा लहान संदेश आल्यावर बफरचा उरलेला, कधीच न भरलेला भाग वापरणे हा मात्र तेव्हाही दोष होता आणि आताही आहे. ती मूल्ये अटीत, पत्त्यात किंवा सिस्टम कॉलमध्ये गेली की मेमचेक तो पकडतो.

व्यवहार. आज्ञेत एमपीआय-रन आधी आणि व्हॅलग्रिंड नंतर येते. उलट केल्यास प्रोग्रामऐवजी तो सुरू करणारे साधनच तपासले जाते. प्रत्येक रँकची नोंद वेगळ्या फाइलीत घ्यावी. मेमचेकखाली प्रोग्राम सुमारे २० ते ३० पट मंदावतो, म्हणून दोन-चार रँक आणि लहान डेटा पुरे. मंदगतीमुळे संदेशांचा क्रमही बदलू शकतो, त्यामुळे एका फेरीत न दिसलेला दोष नाहीच असे धरू नये. दडपण-नोंद लिहिताना कॉलची साखळी शक्य तितकी पूर्ण द्यावी. केवळ शेवटच्या फंक्शनच्या नावावर लिहिलेली नोंद स्वतःच्या प्रोग्राममधील दोषही झाकते.

ॲड्रेससॅनिटायझर (२०१२) हा दुसरा मेमरी-तपासनीस सुमारे दुप्पट वेळेतच काम उरकतो, पण न भरलेली मूल्ये तपासत नाही. एमपीआयच्या नियमभंगासाठी मार्मोट आणि अम्पायर यांच्या वारशातून आलेले मस्ट हे स्वतंत्र साधन आहे.