माती वेगळी, घाण वेगळी

पावसाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून मुलं घरी आली, की दारातच ऐकू येतं, "किती घाण करून आलास!" पण गुडघ्याला लागलेली टेकडीवरची माती आणि नाल्याकाठचा चिखल या दोन गोष्टींसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि तिथेच गफलत होते. सांडपाण्यातून रोग येतात. झाडाखालच्या मातीतून मुख्यतः येतात ते माणसाच्या शरीराला हजारो वर्षं ओळखीचे असलेले सूक्ष्मजीव.

ग्रॅमभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पहिल्या पावसाचा जो वास आपण नाक भरून घेतो, तो त्यांच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळानं बनवलेल्या जिओस्मिन या रसायनाचा. याच कुळातला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आपल्या पिंपरीच्या मातीत सापडला. त्याच्यापासून तिथल्याच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध कंपनीत हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध तयार झालं.

आता शरीराकडे वळू. प्रतिकारशक्तीला शत्रूवर धावून जाणं जन्मतः येतं. कुणाला सोडून द्यायचं, हे तिला शिकावं लागतं. त्वचा, नाक आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे सतत चाचपत असतात. निरुपद्रवी जिवाणू लहानपणापासून वरचेवर भेटत राहिले, की नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. या पेशी इंटरल्युकिन-१० सारखे रासायनिक संदेश सोडून दाह आवरता घेतात. ही ओळख झालीच नाही, तर परागकण, धूळ, अशा साध्या गोष्टींवरही शरीर तुटून पडतं. शिंका, दमा आणि इसब यांमागचं हे एक कारण. एकच म्हणायचं, कारण आनुवंशिकता आणि शहरातला धूर यांचाही त्यात वाटा आहे.

फिनलंडमध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३ ते ५ वर्षांची ७५ मुलं होती. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली जमीन, तिच्यावरच्या झुडपांसकट, आणि हिरवळ आणून अंथरली, आणि मुलांना त्यात खेळायला, रोपं लावायला दिलं. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातला समतोल दाह आवरणाऱ्या संदेशांकडे झुकला. हे बदल रक्तातले आहेत. यामुळे पुढे दमा टळला, असं त्या प्रयोगानं दाखवलेलं नाही. पण अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या शेतकरी समाजांची तुलना त्याच दिशेनं बोट दाखवते. दोघांचा वंश जवळचा, खाणंपिणं सारखं. आमिश मुलं मात्र पारंपरिक गोठ्याच्या आसपास वाढतात, तर हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून लांब. २०१६ च्या अभ्यासात दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के आढळलं.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गोठा कुठून आणणार? गॅलरीत मातीचं एक खोकं मात्र मावतं. ६० बाय ४५ सेंटिमीटरचं, २० सेंटिमीटर खोलीचं क्रेट घ्या आणि तळाला बोटभर रुंदीची आठ-दहा भोकं पाडा. त्यात १५ सेंटिमीटरपर्यंत म्हणजे साधारण ४० लिटर मिश्रण बसतं. ओलं झाल्यावर त्याचं वजन ५० किलोच्या घरात जातं, म्हणून खोकं गॅलरीच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत ठेवा. दोन भाग माती, एक भाग पाल्याचं खत, एक भाग गांडूळखत. काळी माती असेल तर एक भाग जाडसर वाळू घालाच, नाहीतर ओली असताना तिचा लगदा होतो आणि वाळली की भेगा पडतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, रोपं छान वाढतात, पण मातीतली जिवाणूंची विविधता त्यात नसते. मिश्रणाला विरजण लागतं. सोसायटीतल्या जुन्या आंब्याखालची किंवा वडाखालची, पाचोळा बाजूला सारून घेतलेली दोन ओंजळी माती पुरे. त्यासाठी टेकडी खणू नका. तिथला मातीचा थर मुळातच पातळ, खाली लगेच मुरूम. रस्त्याकडेची मातीही नको, तिच्यात शिसं असू शकतं. ताजं शेण तर नकोच. कीटकनाशक मारलेल्या कुंडीतली मातीही टाळा.

पंधरा दिवस मुरू द्या आणि मग मूठभर माती दाबून बघा. गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी ठिबकता कामा नये आणि टिचकी मारली की तो फुटायला हवा. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तळाशी पाणी साचून हवा कोंडली आहे. भोकं मोकळी करा आणि माती खालीवर करा. मग त्यात मेथी, कोथिंबीर, पुदिना एकत्र लावा आणि मुलांना हातांनी उकरू द्या.

रात्री खोक्यावर जाळी हवीच, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि जंत मातीत येतात. खेळून झाल्यावर आणि खाण्याआधी साध्या साबणानं हात धुवायचे. जंतुनाशक साबणाची गरज नाही. मातीनं माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही आणि जंतांची अंडीही त्यानं मरत नाहीत. उघड्यावर शौच होते तिथे अनवाणी फिरू देऊ नका, अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतून शिरतात. धनुर्वाताचे बीजाणू चांगल्या मातीतही असतात, तेव्हा ५-६ वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि १० व १६ वर्षांची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस चुकवू नका. मूल मुद्दाम माती खात असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या मातीत हात घालू नये. मधुमेह असेल तर अनवाणी चालणं टाळा, बधिर तळव्याला जखम कळत नाही. खताची कोरडी पिशवी उघडताना आजी-आजोबांनी मास्क लावावा आणि खतावर आधी पाणी शिंपडावं, म्हणजे धूळ छातीत जात नाही.

एप्रिलच्या उन्हात खोक्यातली माती तापून भाजून निघते. वर दोन इंच पाचोळा पसरा, संध्याकाळी पाणी शिंपडा आणि जूनमध्ये खोकं थेट पावसात येईल असं सरकवा.