ऑलिंपस पर्वत

ग्रीसमधील सर्वांत उंच पर्वत. थेसली व मॅसिडोनिया या प्रांतांच्या सीमेवर तो उभा असून मितिकास हे त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे २,९१८ मी. उंच आहे. ऑलिंपिक खेळांचे ऑलिंपिया ते हे नव्हे. ते स्थळ फार दक्षिणेला, पेलोपोनीज द्वीपकल्पात आहे.

पर्वताचा गाभा चुनखडी व डोलोमाइटचा, म्हणजे मुळात समुद्रतळाचा आहे. पाऊस आणि वितळलेले बर्फ या खडकात झिरपून जाते, त्यामुळे माथ्याकडे झरे जवळपास नाहीत. एजियन समुद्र शिखरांपासून जेमतेम २० कि.मी.वर. तिथली दमट हवा उतारावरून वर चढते, थंड होते आणि उन्हाळ्यातही दुपारपर्यंत माथा ढगात जातो. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात देवलोकाची दारे ढगांचीच आहेत. पायथ्याच्या लितोखोरो गावातून सकाळी स्वच्छ दिसणारी शिखरे काही तासांत नाहीशी होताना पाहिली, की ग्रीक पुराणकथांतील बारा प्रमुख देवांचे घर इथेच का कल्पिले गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. मितिकासशेजारच्या स्तेफानी या उभ्या कड्याला ‘झ्यूसचे (देवांच्या राजाचे) सिंहासन’ म्हणतात.

पूजा मात्र बहुतांशी पायथ्याशी, दिओन येथे होई. मॅसिडोनियाचा राजा आर्केलाउस याने इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस तेथे झ्यूस व म्यूझ (कलांच्या देवता) यांच्यासाठी नऊ दिवसांचा उत्सव सुरू केला. ख्रिस्ती काळातही पर्वताचे पावित्र्य टिकले. सोळाव्या शतकात संत दिओनिसिओसने येथे मठ स्थापला. जर्मन सैन्याने तो १९४३ मध्ये उद्ध्वस्त केला. सुमारे २,८०० मी. उंचीच्या एका शिखरावर प्रेषित एलियाचे छोटे दगडी प्रार्थनास्थळ आहे.

१९१२ पर्यंत हा प्रदेश ऑटोमन अंमलाखाली होता आणि डोंगरात डाकूंचा वावर असे. मितिकासवर पहिली नोंदलेली चढाई २ ऑगस्ट १९१३ रोजी झाली. फ्रेडरिक ब्वासोना व डॅनियल बो-बोव्ही या दोन स्विस गिर्यारोहकांना लितोखोरोचा क्रिस्तोस काकालोस याने वाट दाखवली.

नेहमीची चढाई दोन दिवसांची. लितोखोरोहून सुमारे १८ कि.मी.चा गाडीरस्ता प्रिओनियाला (१,१०० मी.) जातो. तिथून बीच व पाइनच्या रानातून साधारण तीन तासांत २,१०० मी.वरील निवारा गाठता येतो. पुढच्या चढासाठी पाणी इथेच भरून घ्यावे, माणशी निदान दोन लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून स्काला शिखर गाठायचे. येथे वाट फुटते: स्कोलियोला (सुमारे २,९०० मी.) साध्या पायवाटेने जाता येते, तर मितिकाससाठी काकोस्काला, म्हणजे ‘वाईट शिडी’, हात टेकत पार करावी लागते. बहुतेक अपघात सुटे दगड आणि धुके यांमुळे होतात. वरच्याच्या पायाने निसटलेला दगड थेट खालच्यावर येतो, म्हणून हेल्मेट हवेच. धुक्यात खुणा दिसेनाशा होतात आणि ओली चुनखडी घसरडी होते. ढग जमू लागले तर स्कालावरूनच परतणे योग्य. वर्षाच्या बऱ्याच भागात या टप्प्यावर बर्फ असते, तेव्हा आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) व क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) लागतात.

१९३८ मध्ये ऑलिंपस ग्रीसचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९८१ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. येथे सुमारे १,७०० वनस्पती आढळतात. त्यांतली यांकेआ हेल्ड्राइखी ही सावलीतल्या कपारींत वाढणारी, लवदार पानांची व फिकट जांभळ्या फुलांची वनस्पती हिमयुगापूर्वीच्या काळाचा अवशेष मानली जाते आणि ती फक्त याच पर्वतावर उगवते.