तिसऱ्या तुकड्याची टाळी

संगीत नाटकाच्या एका प्रयोगाला माझ्याबरोबर एक मित्र आला होता. नाट्यपदं त्यानं ऐकलेली, पण प्रयोग पाहण्याची ही पहिलीच वेळ. पदाच्या शेवटी नायिकेनं तिहाई घेतली, म्हणजे तोच तुकडा तीनदा. दुसरा तुकडा संपताच मित्रानं कडाडून टाळी दिली. एकट्यानंच. मागच्या रांगेतल्या आजोबांनी घसा खाकरला, आणि पुढच्याच क्षणी तिसरा तुकडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थडकला, तेव्हा सारं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"मला कसं कळणार?" मध्यंतरात बटाटेवडा खाताना तो कुरकुरला.

खरंच, बाकीच्यांना कसं कळलं? ऐकताना आपला मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. तोच तुकडा, तेवढ्याच अंतरानं दोनदा ऐकला की तिसरा कुठे संपणार ते आधीच कळतं आणि हात तयार राहतात. मॅक्स अॅटकिन्सन या ब्रिटिश अभ्यासकानं १९८०च्या दशकात राजकीय भाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा त्याला हीच युक्ती सापडली. वक्ता तीन गोष्टी ओळीनं मांडतो, आणि तिसरी संपता संपता टाळी सुरू होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतिकांत गाण्याच्या शेवटी वाद्यवृंद एक ठसठशीत ठोका देतो. तिथले लोक त्याला 'बटन' म्हणतात. दाबलं की टाळी!

पहिले काही हात वाजले की पुढचं काम संसर्गाचं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की माणूस शेजाऱ्याकडे पाहून नव्हे, तर खोलीत एकूण किती टाळ्या ऐकू येताहेत त्यावरून सामील होतो. टाळ्या किती वेळ चालल्या, याचा भाषणाच्या दर्जाशी फारसा संबंध नव्हता. (कलावंतांनी हे वाक्य सोडून द्यावं.)

पण टाळी नेमकी कुठे मागायची, हे गळा आणि साथ मिळून ठरवतात. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये एथेल मर्मन ही तरुण गायिका मायक्रोफोनशिवाय एक सूर वाद्यवृंदावर सोळा आवर्तनं धरून उभी राहिली आणि प्रेक्षक वेडे झाले. या खणखणीत गायकीला तिकडे 'बेल्टिंग' म्हणतात. त्यात तोंड मोठं उघडतं, स्वरयंत्र थोडं वर राहतं आणि स्वरतंतू प्रत्येक कंपनात जास्त वेळ मिटलेले राहतात, त्यामुळे वरचे उपस्वर जोरकस होतात. ऑपेराचे गायक, विशेषतः पुरुष, दुसरी वाट धरतात. स्वरयंत्र खाली ठेवून, त्याच्या वरची नळी आवळून ते ३००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तीन हजार कंपनांच्या) आसपास आवाजाची ताकद गोळा करतात. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर तो ओसरत जातो. आपला कान मात्र नेमका ३००० हर्ट्झच्या आसपास फार तीक्ष्ण असतो. शंभर वाद्यांतून एक गळा वाट काढतो तो असा.

बालगंधर्वांना ही लढाई लढावी लागली नाही. त्यांच्या साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला गळ्याशी भांडत नाहीत, त्याच्या मागोमाग जातात. म्हणून बारीक हरकत, मुरकी, झरझर तान आपल्या रंगभूमीला परवडली. वाद्यवृंदापुढे खणखणीत लावलेल्या आवाजात अशी तान घेणं महाकठीण. शिवाय साथ स्वरलिपीला बांधलेली नसल्यानं पद हवं तितकं लांबवता येतं, प्रत्येक समेला टाळी घेता येते आणि 'वन्स मोअर' आला की तेच पद वेगळ्या ताना घेऊन पुन्हा म्हणता येतं. १९११चं 'मानापमान', १९१६चं 'स्वयंवर' या नाटकांचे प्रयोग रात्र रात्र चालत, त्यात या वन्स मोअरचा वाटा मोठा होता.

पूर्व युरोपातल्या नाट्यगृहांत टाळ्या हळूहळू एका ठेक्यात येतात. २००० साली तिथल्या ध्वनिमुद्रणांच्या अभ्यासात दिसलं, की त्यासाठी लोक आपला वेग जवळपास निम्मा करतात. मग एकूण आवाज कमी पडतो, उत्साही मंडळी घाई करतात आणि ठेका मोडतो. आपल्याकडे हे क्वचितच घडतं. माझा अंदाज असा, की ठेका जमेपर्यंत कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडतंच.

दुसऱ्या अंकात मित्र सावध बसला होता. तिहाई आली. एक, दोन, तीन, आणि त्यानं आत्मविश्वासानं टाळी दिली. पुन्हा एकट्यानंच. गायिका आणि तबलजी मिळून चक्करदार घेत होते, म्हणजे अख्खी तिहाईच तीनदा.

आजोबा पुढे वाकून म्हणाले, "थांबा, अजून सहा बाकी आहेत."