बुडालेल्या बोटी, उडून गेलेली ग्लायडर्स

पाण्यात खरोखर चालणारी खेळण्यातली जुनी बोट किंवा हवेत तरंगणारं जुनं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं छोटं विमान, सेकंडहँड शोधायला निघालं की एक उफराटी गोष्ट लवकरच ध्यानात येते. जी बोट झकास धावायची, ती एके दिवशी तळ्याच्या मधोमध जाऊन बुडाली. जे ग्लायडर छान उडायचं, ते वर चढणाऱ्या गरम हवेत सापडलं आणि ठिपका होऊन दिसेनासं झालं. आज हाताला लागतं ते बरंचसं खोक्यात जपून ठेवलेलं, नाहीतर पहिल्याच दिवशी बिघडून माळ्यावर गेलेलं. म्हणून ‘चालू स्थितीत’ अशी चिठ्ठी दिसली की मी आधी वस्तू कुठल्या काळातली ते बघतो. चिठ्ठीचं नंतर.

पत्र्याच्या बोटींचं माहेर जर्मनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्युरेंबर्गमध्ये बिंग, कारेट, फ्लाइशमान आणि ग्योपिंगेनमध्ये मेर्कलिन या कारखान्यांनी कल्हईचा पत्रा वाकवून, डाख देऊन, हातानं रंगवून युद्धनौका आणि प्रवासी जहाजं बनवली. बहुतेक किल्लीवर चालायची. मोठ्यांच्या पोटात स्पिरिटचा दिवा आणि छोटा बॉयलर असे. बिंगच्या मालावर आधी ‘जीबीएन’ असा शिक्का असायचा, पहिल्या महायुद्धानंतरच्या मालावर ‘बीडब्ल्यू’. काळ ठरवायला एवढी दोन-तीन अक्षरं पुष्कळ उपयोगी पडतात. या घराण्यातल्या बोटी आता पाण्यासाठी उरलेल्या नाहीत. अमेरिकन प्रकाशक माल्कम फोर्ब्ज यांचा खेळण्यांचा संग्रह २०१० मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाला, तेव्हा मेर्कलिनची ‘लुसिटानिया’ ही जहाजाची प्रतिकृती एक लाख डॉलरच्या वर गेली. ती तळ्यात कोण सोडेल?

बोट खरंच चालवायची असेल तर पुढची पिढी बघावी. इंग्लंडात हॉर्न्बी कंपनीनं १९३० च्या दशकात किल्लीच्या स्पीडबोटी काढल्या. लीड्सजवळची सटक्लिफ कंपनी १९८२ मध्ये बंद होईपर्यंत पत्र्याच्या बोटी आणि पाणबुड्या बनवत होती. दोन्हींचं यंत्र साधं: जाड स्प्रिंग, चार-पाच दातेरी चाकं, मागे दांडा आणि पंखा. दुखणंही एकच, गंज, आणि तो आतून येतो. पत्र्यावरची कल्हई जिथे घासली जाते किंवा डाखाजवळ पाणी साचतं, तिथे सुरुवात होते. बाहेरून रंग चकचकीत असला तरी बोट कानाजवळ धरून हलवावी. आत वाळूसारखं काही खुळखुळलं तर ते गंजाचे पापुद्रे. किल्ली कितीही फिरवली तरी आवळतच नसेल, तर स्प्रिंगचं टोक सुटलेलं असण्याचा संभव मोठा. ते दुरुस्त होतं. कुजलेलं बूड होत नाही. आणि नवा रंग दिलेली बोट दिसली की मला तरी आधी शंकाच येते.

मेणबत्तीवर फटफट करत जाणारी पत्र्याची होडी या सगळ्यांची गरीब बहीण. तिचं पेटंट तोमा प्यो यांनी १८९१ मध्ये इंग्लंडात घेतलं. तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच.

शिडाच्या मॉडेल नौकांची कथा वेगळी, कारण ती आधीपासून प्रौढांची. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्बलहेड गावी शर्यतीच्या नौकांचा एक वर्ग ठरला: लांबी ५० इंच, शिडाचं क्षेत्रफळ ८०० चौरस इंच. तेव्हा रेडिओ नव्हता. वाऱ्याची दिशा ओळखून सुकाणू आपोआप वळवणारं वातकुक्कुटासारखं यंत्र थोड्याच वर्षांत नौकेच्या मागच्या बाजूला बसवू लागले. पुढे रेडिओ स्वस्त झाला आणि अनेकांनी हे यंत्र उपटून मोटर बसवली. त्यामुळे जुन्या नौकेच्या मागच्या डेकवर बुजवलेली भोकं दिसली तर तिथे काय होतं ते ओळखू येतं. ते पितळी यंत्र मूळ जागी असेल, तर नौकेची निम्मी किंमत तिथेच आहे असं मी समजतो.

ग्लायडरचं मूळ याहून जुनं. जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये पंखाच्या जागी उडवायचा पतंग लावलेलं, मागे शेपूट असलेलं छोटं ग्लायडर उडवलं. आल्फोंस पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत पिळलेल्या रबरावरचं विमान ११ सेकंद हवेत ठेवलं. पण घरोघरी ग्लायडर पोचलं ते पहिल्या महायुद्धानंतर. व्हर्सायच्या तहानं जर्मनीला इंजिनाच्या विमानांची बंधनं घातली, तेव्हा तिथली पोरं वासरकुपेच्या डोंगरउतारावर बिनइंजिनाची उडू लागली, आणि त्यांच्यामागून मॉडेलंही. सुरुवातीची मॉडेलं स्प्रूस, बांबू आणि रेशमाची. नंतर इक्वेडोरचं बाल्सा आलं, आणि हातात घेतलं तर हलकेपणानं दचकायला होईल अशी चौकट घडू लागली. दुसऱ्या महायुद्धात बाल्सा ब्रिटनच्या लाकडी मॉस्किटो लढाऊ विमानाकडे वळलं, म्हणून त्या वर्षांतली मॉडेलं दुसऱ्याच, जड लाकडांची सापडतात.

मुळात बाल्सा आणि टिश्यू कागद टिकायला केलेलेच नव्हते. कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, जुना सरस सुटतो, उंदीर लागतात ते निराळंच. म्हणून या छंदात एक शहाणी तडजोड रुजली: जुनं म्हणजे जुना आराखडा. अमेरिकेतल्या जुन्या मॉडेलांच्या संस्थेच्या नियमात १९४२ अखेरपर्यंतचा आराखडा असला की झालं, लाकूड कालचं चालतं. त्यामुळे न जोडलेलं किट, आतल्या आराखड्यासकट, कित्येकदा तयार ग्लायडरपेक्षा महाग जातं.

तरी जोडलेलं, खरंच उडालेलं ग्लायडर मिळालं तर शेपटाखाली बघा. १९४० नंतर उडवणाऱ्यांनी हरवण्यावर एक तोडगा काढला होता. सुताची वात पेटवून द्यायची. ती काही मिनिटांनी एक रबर जाळून तोडते, शेपूट टुणकन वर उचललं जातं आणि ग्लायडर अलगद खाली बसतं. वातीचं टोक विझावं म्हणून तिथे धातूची बारीक नळी असायची. ती नळी काळवंडलेली असेल आणि आसपासच्या कागदावर तपकिरी डाग असतील, तर ते ग्लायडर चांगलं उडायचं आणि परतही यायचं. अशा ग्लायडरच्या पंखाच्या मुळाशी बहुधा शाईनं नाव-पत्ता लिहिलेला असतो, सापडल्यास पोचवा म्हणून. एखाद्यावर तो पत्ता दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला असतो.